‘चार महिन्यांत फक्त दीड किलो’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण आधी ट्रेनरशी बोललो, तुमच्या कार्डावरच्या तारखा आणि वेळा पाहिल्या आणि आज लिहितोय. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ऐरोलीचं ऑफिस सुटल्यावर चार महिने नौपाड्यातल्या आमच्या जिमला आलात, काटा जेमतेम दीड किलो खाली आला. डाएट चार्ट मागितला तर मिळाला नाही, उलट ‘अंडी-पनीर वाढवा’ असं सांगितलं. सलवारी कमरेला सैल झाल्या तरी वजन हलत नाही, दंड मात्र जाड वाटतात. मशिनने दुसऱ्या वेळी चरबी वाढलेली दाखवली. आणि तुमच्या मैत्रिणीने दुसरीकडून १,२०० कॅलरींचा चार्ट घेऊन तीन महिन्यांत ९ किलो कमी केले. कार्डावरची तुमची मापं मी इथे लिहिणार नाही, ती तुमची आहेत. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

मशिनपासून सुरू करतो, कारण तिथे सरळसरळ आमची चूक आहे. ते मशिन चरबी थेट मोजत नाही. अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं, ती पाण्यातून सहज जाते आणि चरबीतून अडखळते, त्यावरून ते अंदाज बांधतं. अंगात पाणी कमी असेल तर चरबी जास्त दिसते. तुमची पहिली नोंद सकाळी उपाशीपोटी घेतली होती, दुसरी संध्याकाळी सात वाजता, ऑक्टोबरच्या उकाड्यात तुम्ही बसमधून घामेघूम होऊन आल्यावर. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. तरी आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने तो कागद छापून तुमच्या हातात दिला. तुम्ही त्या रात्री किती खट्टू झाला असाल याची कल्पना आहे. मी माफी मागतो. आता नोंद फक्त सकाळी होते, आणि सोबत कमरेचं माप टेपने घेतलं जातं. हे माप पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात, पुरुषांसाठी ९०. आपण त्याच्या कुठल्या बाजूला आहोत आणि कुठे सरकतोय, हे कळायला दहा रुपयांची शिंप्याची टेप पुरते.

दुसरी गोष्ट जिन्यातल्या बोर्डाची. ‘मसल वाढवा, झोपेतही चरबी जाळा’ असं त्यावर लिहिलं होतं. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण तो वाचूनच वर आला असणार. रविवारी तो मी उतरवला. एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचारच्या आसपास. म्हणजे मेहनत करून दोन किलो स्नायू कमावले तरी झोपेत जळणारा जादा हिशेब जेमतेम एका मारी बिस्किटाचा. नुसते स्नायू वाढले म्हणून चरबी आपोआप वितळत नाही. आमच्या धंद्यात हे सर्रास सांगितलं जातं आणि आम्हीही सांगत होतो, ते चूक होतं.

मग तुम्हाला वजनं का उचलायला लावली? याचं उत्तर मी ठामपणे देतो, कारण इथे आम्ही चुकलो असं मला वाटत नाही.

माणूस नुसतं खाणं तोडून बारीक होतो तेव्हा सगळी चरबीच जाते असं नाही. व्यायाम नसेल तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायू आले. ९ किलो गेले तर त्यातले दोन-सव्वादोन किलो असे गेलेले असू शकतात. काट्याला हा फरक कळत नाही, तो सगळ्याला एकाच भावाने तोलतो. तुमच्या मैत्रिणीबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांना मी पाहिलेलं नाही, आणि त्यांनी कष्ट घेतलेत. पण तुम्ही वय ४६ लिहिलंय. या वयात स्नायू तसेही हळूहळू घटत असतात, आणि गेलेले परत मिळवणं विशीसारखं सोपं नसतं. वजन परत वाढलं, जे कडक डाएटनंतर फार वेळा होतं, तर चरबी पटकन येते, स्नायू मागे राहतात. म्हणजे काटा जुन्याच जागी आणि शरीर आधीपेक्षा चरबट.

आपल्या लोकांना हे जास्त लागू पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघेही तक्त्यानुसार व्यवस्थित. पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी. जिमला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, असं शरीर घरोघरी आहे, आणि पाठोपाठ चाळिशीत डायबिटीस. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून ठेवण्याचं मोठं काम स्नायू करतात. ते कमी असतील तर साखरेला जायला जागाच कमी. अशा माणसाचं आणखी खाणं तोडून स्नायू घालवायचे, हे माझ्या हातून होणार नाही. म्हणून १,२०० चा चार्ट दिला नाही. शिवाय मी आहारतज्ज्ञ नाही, असा चार्ट देण्याचा मला अधिकारही नाही.

दंडांचं म्हणाल तर नव्याने वजन उचलायला लागलं की स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, जमतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी. त्याने फुगल्यासारखं वाटतं, काटाही अडतो. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, तेव्हा आठवड्याला तीन दिवसांच्या डंबेलने पैलवानासारखे दंड होत नाहीत. आणि कमरेला सैल झालेली सलवार, ताई, ती खोटं बोलत नाही. वजन जवळपास तेवढंच आणि कंबर कमी, म्हणजे चरबी जाऊन तिथे स्नायू आले असण्याची शक्यता मोठी. व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यात हे दोन्ही एकदम होऊ शकतं.

तरीही चार महिन्यांत दीड किलो हे कमीच आहे, आणि त्याचं कारण मला तुमच्याच लिहिण्यात सापडलं. ‘सकाळी चहा-पोहे, डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात, आणि आता वर अंडी-पनीर’ असं तुम्ही लिहिलंय. ‘वर’. आमच्या ट्रेनरने वाढवायचं काय ते सांगितलं, त्या बदल्यात काढायचं काय ते सांगितलंच नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. ती जायला रोज थोडी तूट लागतेच, व्यायाम कितीही करा. फक्त ती तीनशे-साडेतीनशेची हवी, हजाराची नको. कागदावर तिचा हिशेब महिन्याला सव्वा किलोच्या आसपास जातो, प्रत्यक्षात थोडा कमी.

म्हणजे ताटात अदलाबदल करायची. रोजच्या प्रथिनांचा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आकडा वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण वजन कमी करताना स्नायू टिकवायचे तर १.६ पर्यंत जावं लागतं. ६५ किलोच्या बाईला साधारण ५४ ते १०४ ग्रॅम. पोहे आणि पोळी-भाजीत त्यातलं फार थोडं असतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या मटकीत साडेअकराच्या आसपास, तेवढ्याच सोयाबीन वड्यांत पंचवीस. पोहे अर्धे करून दोन अंडी, रात्रीचा भात एक मूद आणि उसळ वाटीभर जास्त, ऑफिसच्या चार चहांतली साखर आणि बिस्किटं बंद. उपाशी राहायचं नाही. डायबिटीस, थायरॉईड किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, ही गोष्ट ट्रेनरने ठरवायची नाही.

तुम्ही पैसे वाया गेले म्हणता. तुमचे दोन महिने बाकी आहेत. पुढे यायचं असेल तर शनिवार-रविवार सकाळी सात ते दहा मी स्वतः असतो, उपाशीपोटी या, टेपने माप घेऊ, तुमचं दिवसभराचं खाणं समोर बसून पाहू, आणि आहारतज्ज्ञाकडे एकदा जाण्याची फी आमच्याकडून. यायचं नसेल तर दोन महिन्यांचे पैसे परत देतो. पावती सापडत नसली तरी चालेल, कार्डावर नोंद आहे.