एका घरात दीड टाका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमची तक्रार थोडक्यात अशी: 'एका घरात एकच टाका ठेवा, बाकीचे पुसा' हा क्रॉस-स्टिचचे, म्हणजे फुलीच्या टाक्यांचे, नमुने सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करण्याबद्दलच्या माझ्या लेखातला सल्ला (घर म्हणजे नमुन्यातला एक चौकोन) तुम्ही जसाच्या तसा पाळला आणि पाकळ्यांच्या कडेचे सगळे पाव आणि पाऊण टाके गेले. गोल कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसायला लागली. शिवाय एकावर एक आलेले टाके छापील नमुन्यात कळतही नाहीत, भरणारी व्यक्ती आपलं बघून घेते, मग हा खटाटोप कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

पहिल्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. मी ते वाक्य पूर्ण फुल्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, पण तसं स्पष्ट म्हटलं नाही. त्यामुळे तुमचं काम वाया गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते वाक्य लेखातून काढलं आहे. दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही, आणि का ते सविस्तर सांगायला हवं.

घरातले टाके मोजू नका, त्यांची बेरीज करा. फुलीला चार हात असतात, प्रत्येक कोपऱ्यापासून मध्यापर्यंत एक. पाव टाका म्हणजे एक हात. अर्धा टाका म्हणजे एक अख्खी तिरपी रेघ, दोन हात. पाऊण टाका म्हणजे ती रेघ आणि वर एक हात. एका रंगाचा पाऊण आणि दुसऱ्या रंगाचा पाव मिळून एक होतो, घर भरतं, सगळं ठीक. पण समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन रंगांचे दोन पाऊण टाके ठेवले की बेरीज दीड होते. दोन्ही टाक्यांत मधली तिरपी रेघ तीच असते, म्हणजे ती दोनदा भरली जाते.

पडद्यावर हे दिसत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर पाऊण टाका भरीव त्रिकोणासारखा दाखवतं. दोन त्रिकोण शेजारी बसले की घर अगदी नीटनेटकं वाटतं. कापडावर मात्र त्या जागी उंचवटा येतो, आणि त्यावरून बॅकस्टिचची, म्हणजे आकृतीची कड दाखवणाऱ्या टाक्याची, रेघ नेली की ती एका बाजूला घसरते. इंचाला 14 घरांच्या आयडा कापडावर (यात फुल्यांसाठी चौकोनी घरं विणलेलीच असतात) हा त्रास जास्त, कारण घराच्या मध्यभागी छिद्रच नसतं. सुई विणीतून टोचून काढावी लागते. इंचाला 28 धाग्यांच्या कापडावर दोन-दोन धाग्यांवरून भरलं तर मध्ये छिद्र आयतं मिळतं, तरी दुहेरी रेघेचा फुगवटा तिथेही राहतोच.

मग पाऊण कोणाला आणि पाव कोणाला? जी वस्तू पुढे आहे तिला पाऊण. पाकळी पानाच्या पुढे असेल तर पाकळीला पाऊण, पानाला पाव. हे सॉफ्टवेअरला कळू शकत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही फक्त रंग आहेत. 'सगळे आच्छादित टाके काढा' अशा एकगठ्ठा आज्ञेवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

हे टाके येतात कुठून, तेही पाहा. ओएक्सएस या क्रॉस-स्टिच नमुन्यांच्या फाइल-प्रकारात पूर्ण टाके, अपूर्ण टाके आणि बॅकस्टिच यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. एकाच घराचा पत्ता पूर्ण टाक्यांच्या यादीत आणि अपूर्ण टाक्यांच्या यादीतही असू शकतो. तुम्ही एखादं फूल उचलून भरलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवता तेव्हा कडेला नेमकं हेच होण्याची भीती असते: खाली पार्श्वभूमीची अख्खी फुली, वर पाकळीचा पाऊण. बेरीज पावणेदोन!

शोधायला मी पूर्ण टाके लपवते आणि फक्त पाव, अर्धे, पाऊण दिसू देते. मग आकृतीच्या कडेने एकेक घर पाहत जाते आणि लपवलेलं पुन्हा दाखवून खाली काही उरलंय का ते बघते. खाली फुली सापडली तर ती काढून तिथे त्याच रंगाचा पाव ठेवते. वेळ लागतो, पण पाकळी शाबूत राहते. हे सगळं फाइलच्या प्रतीवर करायचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

बॅकस्टिचचं दुखणं वेगळं. काळ्या रेघेवर काळीच रेघ पडली तर पडद्यावर काहीच कळत नाही. मी एक रेघ निवडून पुसते. ती तरीही दिसत राहिली तर खाली दुसरी आहे. तुकडा उरला तर लांब रेघेवर आखूड रेघ काढली गेली होती. डावीकडून उजवीकडे काढलेली आणि उजवीकडून डावीकडे काढलेली रेघ कापडावर एकच असते, पण फाइलमध्ये त्यांची सुरुवात आणि शेवट उलट असतात, म्हणून नुसत्या आकड्यांची जुळणी केली तर त्या दोन वेगळ्या ठरतात.

आता तुमचं 'कळतही नाही'. छापील नमुन्यात एका घरावर दोन चिन्हं छापली गेली तर दोन्ही वाचता येत नाहीत, आणि एकच छापलं गेलं तर ते कुठलं हे तुमच्या हातात राहत नाही. भरणारी व्यक्ती बघून घेते म्हणजे ती अंदाज करते. तिचा अंदाज चुकला तर उसवायला तिलाच बसावं लागतं.

दोऱ्याच्या हिशेबाबद्दल मी आधी जरा जास्तच घाबरवलं होतं. 14 च्या आयडावर एका फुलीला पुढून-मागून मिळून साधारण 9 मिलिमीटर दोरा जातो. चुकून पडलेल्या 100 फुल्या म्हणजे मीटरभरही नाही. पण लेयर (एकावर एक थर) असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फुलाखाली 40 गुणिले 50 घरांची पार्श्वभूमी तशीच राहिली आणि मोजणीत धरली गेली, तर त्या 2000 फुल्यांना दोन पदरी दोरा सुमारे 18 मीटर लागतो. 8 मीटरची सहा पदरी लडी धरली तर पाऊण लडी, तीही न भरायच्या टाक्यांसाठी. दुरुस्तीआधी आणि नंतर रंगवार मोजणी काढून ठेवा. जेवढे टाके काढलेत तेवढाच फरक दिसायला हवा. जास्त दिसला तर काहीतरी नकळत पुसलं गेलंय. मी हे लेखात लिहिलं असतं तर तुमच्या पाकळ्या वेळीच वाचल्या असत्या.

काही टाके मुद्दामच एकावर एक असतात, ते राहू द्या: फुल्यांवरची बॅकस्टिच, डोळ्यातली चमक दाखवणारी गाठ, भरलेल्या भागावर चमकी धाग्याचा अर्धा टाका. फक्त नमुन्याच्या सूचनांत 'आधी फुली, मग त्यावर हा टाका' असं स्पष्ट लिहा.

तुमच्याकडे दुरुस्तीपूर्वीची फाइल असेल तर तिच्यातून फक्त पाकळ्यांच्या कडेची घरं परत आणा. चिकटवताना रिकामी घरं सोबत येणार नाहीत असा पर्याय निवडा, नाहीतर शेजारचं पान पुसलं जाईल. मग प्रत्येक घराची बेरीज पाहा. जुनी फाइल नसेल तर तसं कळवा. नुसत्या बॅकस्टिचच्या रेघेवरून कडेचे टाके पुन्हा कसे बसवायचे, ते मी चित्रांसह लिहून देईन.