कांद्याला रंग नसतो म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

लेकीनं संध्याकाळी दप्तरातून जर्नल काढलं आणि काही न बोलता माझ्या पुढ्यात ठेवलं. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती. त्यावर लाल पेनानं आडवी काट आणि शेरा: 'ही विज्ञानाची वही आहे, चित्रकलेची नाही. रंग वापरू नये.'

तिनं काय रंगवलं होतं ते सांगते. आपला लाल कांदा घ्या, त्याच्या पाकळीचा बाहेरच्या बाजूचा पापुद्रा सोला. मायक्रोस्कोपखाली काही पेशी जांभळ्याशार दिसतात, आणि त्यांना खेटूनच काही अगदी कोऱ्या. रंग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत असतो, कुठे भरलेला, कुठे नाही. पोरीनं तस्संच काढलं. एक जांभळी, दोन कोऱ्या, मग एक फिकी. नटवलं नव्हतं हो तिनं, बघितलं होतं! पुस्तकातली विटांची भिंत उतरवली असती तर डोळा न लावताही पैकीच्या पैकी.

माझं आठवीचं वर्ष आठवलं. निफाड तालुक्यातली शाळा, मायक्रोस्कोप एकच, तोही कपाटात कुलूपबंद. बाई म्हणाल्या, "उद्या घरून कांदा आणा." निफाडच्या पोरांना कांदा आणा म्हणायचं! दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग. एकानं तर थेट कांदाचाळीतून पिशवी भरून आणलेली. त्या दिवशी बाईंनी एकच सांगितलं: "पुस्तक मिटा. जे दिसतंय ते काढा."

मला पेशींच्या मधोमध एक गोल दिसला, जाड काळ्या कडेचा. काढला. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी स्लाइड पुन्हा बघितली आणि म्हणाल्या, "हा हवेचा बुडबुडा. कव्हरस्लिप, ही वरची पातळ काच, सपाट सोडलीस, तिरपी टेकवायची. पण कड बरोब्बर काढलीस, काळीच असते ती." का काळी, तर पाण्यातून हवेत शिरताना प्रकाश वळतो म्हणून. अपवर्तनाचा धडा पुढे आला तेव्हा मला तो बुडबुडा आधीच पाठ होता.

'पेशी' ज्याला म्हणतो ते नाव ज्याच्यामुळे पडलं, त्या रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये बुचाचा काप बघून हातानं चित्रंच छापली होती. पोरवयात तो काही दिवस एका चित्रकाराकडे उमेदवारीलाही होता. त्याच्या वहीवरही मारा लाल काट.

तेवढं लांब तरी कशाला? आपले दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरचे. शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' आला, पण त्याआधी या माणसानं कुंडीत वाटाणा लावून त्याचा कोंब कसा वाढतो ते कॅमेऱ्यानं दिवसेंदिवस टिपलं. पडद्यावर बघणाऱ्यांपुढे रोप भराभर उगवलं. ते काय होतं, जीवशास्त्र की सिनेमा? पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळांच्या सहली जातात, पोरं बागेत डबे खातात, परत येतात. वाटाण्याचं कुणी सांगत नाही.

आणि वर हेच शाळावाले 'कला एकात्मिक' प्रकल्प मागतात! 2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय ना. म्हणजे काय, तर थर्माकोलचे ग्रह. मागच्या वेळी रात्री अकरा वाजता शनीची कडी मी चिकटवत होते, लेक झोपलेली. त्यात कला कुठली आणि विज्ञान कुठलं? फेव्हिकॉल तेवढा खरा.

बरं, कबूल. आकृतीची एक शिस्त असते, रेघ स्वच्छ हवी, नावं हवीत, बोर्डाच्या पेपरात रंगपेटी काढून बसता येत नाही. पण मग 'छान बघितलंस, परीक्षेत मात्र पेन्सिल वापर' एवढं लिहायला किती शाई लागते?

(इथवर लिहून चहा करून आले.)

त्या मॅडमना साठ-पासष्ट जर्नल्स तपासायची असतील, वर कुठलीशी ऑनलाइन माहिती भरायची असेल. आमच्या बाईंनाही वर्ग मोठाच होता, पण तरी त्या माझ्या स्लाइडपाशी परत आल्या होत्या. मला एवढंच कळतं.

आणि आता माझंच सांगते, म्हणजे हिशेब पुरा. लेकीनं विचारलं, "आई, मग मी काय करू?" मी, बुडबुडेवाली, काय म्हणाले असेन? "पेन्सिलनं परत काढून टाक बाळा, मार्क जातील."

तिनं काढलं. विटांची भिंत, सुबक आणि नामनिर्देशित. जुनं पान फाड म्हटलं, तर फाडलं नाही. पुढच्या कोऱ्या पानाला स्टेपल करून टाकलंय, चारही बाजूंनी. उजेडात धरलं की जांभळं दिसतं.