उंदराची धमनी आणि माणसाची धमनी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अँजिओप्लास्टीवरच्या, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी आत फुगा फुगवून रुंद करण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "उंदराची रक्तवाहिनी खरवडून माणसाच्या हृदयाबद्दल काय कळणार? मुक्या जिवांचे हाल आणि निष्कर्ष शून्य." यातलं अर्धं मला मान्य आहे, आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला मीच देते. सिलाझाप्रिल हे रक्तदाबाचं औषध. १९८९ साली पांढऱ्या उंदरांवर त्याचा प्रयोग झाला. यात मानेतल्या धमनीत बारीक फुगा घालतात, फुगवतात आणि ओढत बाहेर काढतात. आतलं अस्तर निघून येतं. जखम भरताना मधल्या थरातल्या स्नायुपेशी आत सरकतात, वाढत जातात, आणि दोन आठवड्यांत आतून नवा जाड थर धरतो. औषध दिलेल्या उंदरांत हा थर जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी भरला. अँजिओप्लास्टीनंतर धमनी पुन्हा अरुंद होते, त्यावर इलाज सापडेल अशी मोठी आशा निर्माण झाली. १९९२ साली युरोपातल्या मर्केटर चाचणीचा निकाल आला. सुमारे ७०० रुग्ण, सहा महिने गोळ्या, आणि धमनी अरुंद होण्यात काहीच फरक नाही.

पण दोष उंदरावर टाकून मोकळं होता येत नाही. उंदरांना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम औषध होतं, तेही फुगा घालण्याच्या सहा दिवस आधीपासून. रुग्णांना दिवसाला एकूण १० मिलिग्रॅम, आणि पहिली गोळी अँजिओप्लास्टी उरकल्यावर संध्याकाळी. शरीराच्या पृष्ठभागावरून हिशेब मांडला तरी साठ किलोच्या माणसाला उंदराइतका डोस द्यायचा तर तो १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. उंदरांत जे तपासलं, ते माणसांत तपासलंच गेलं नाही. हाल वाया जातात ते इथे, आणि याचा मलाही तुमच्याइतकाच राग येतो.

शिवाय जखमच वेगळी. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काचपट्ट्या पाहिल्या. वेरहॉफच्या रंगात धमनीतले लवचीक पडदे काळ्या, नागमोडी रेघांसारखे उठून दिसतात. फुगा ओढलेल्या उंदराच्या धमनीत या रेघा बहुतेक शाबूत असतात, गेलेलं असतं ते अस्तर. माणसाच्या फुगा घातलेल्या धमनीत आतली काळी रेघ जागोजागी तुटलेली, तिच्यावर चरबी आणि कॅल्शियमचा थर चिरलेला, आणि ती चीर कधी कधी पार मधल्या थरात उतरलेली. म्हणून पुढे डुकराच्या हृदयधमन्या वापरात आल्या. त्या आकाराने माणसाच्या जवळच्या, आणि त्यात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवून चीर किती खोल गेली यावरून जखमेला गुण देता येतात. चीर जितकी खोल, तितका नवा थर जाड, हे तिथेच स्पष्ट झालं.

आता तुमच्या "शून्य"बद्दल. १९९३ साली उंदराच्या याच फुग्याच्या प्रयोगात रॅपामायसिन या पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाने नवा थर रोखला. १९९९ मध्ये ते डुकरांतही चाललं. त्याच वर्षअखेरीस साओ पावलोमध्ये हे औषध लावलेले स्टेंट पहिल्यांदा रुग्णांना बसवले. २००२ च्या रॅव्हेल चाचणीत २३८ रुग्ण होते. साध्या स्टेंटच्या गटात सहा महिन्यांत २६.६ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या, औषधी स्टेंटच्या गटात एकही नाही.

डोस आणि दिवसांचा परिच्छेद आजच लेखात जोडला आहे. तो तुमच्यामुळे आला, हेही तिथे लिहिलं आहे.