‘खरी रायफल बोगस ठरवली’ या रिव्ह्यूला दुकानाचे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या तक्रारी चार: पहिल्या दिवशी दारातूनच परत पाठवले, पणजोबांची थ्री-नॉट-थ्री बोगस ठरवली, पलटणीचे नाव सांगितले नाही आणि फोरएंडला (बॅरलखालच्या लाकडाला) भेग पाडली.

परवाना तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. ते सोबत नसतील तर शस्त्र कायद्याप्रमाणे, दुरुस्तीसाठी का असेना, त्यांची लेखी परवानगी लागते. त्यात हा निषिद्ध बोअर, म्हणजे कायद्याने मनाई असलेल्या नळीच्या मापाचा. ठाण्याहून फोर्टपर्यंत हेलपाटा पडला याचे वाईट वाटते, पण चिठ्ठीशिवाय आलात तर पुन्हाही परतच पाठवू.

‘बोगस’ हा शब्द आमच्या रिपोर्टात कुठेही नाही. बट (खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता) ज्या लोखंडी सॉकेटमध्ये बसतो, त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, खाली जी. आर. (राजा जॉर्जची अक्षरे), एनफिल्ड हे विलायती कारखान्याचे नाव, १९१७ आणि मॉडेलचा ‘मार्क तीन’ व पुढे तारा आहे. हे शिक्के अस्सल आहेत. मात्र ते साल फक्त बॉडीचे, म्हणजे मधल्या लोखंडी सांगाड्याचे. मागचा हँडगार्ड (बॅरलवरचे लाकडी झाकण) उतरवल्यावर बॅरलवर इशापूरचा, म्हणजे बंगालमधल्या सरकारी रायफल कारखान्याचा, शिक्का आणि ४३ (१९४३ साल) दिसतो. बोल्टच्या (काडतूस आत सारून नळी बंद करणाऱ्या भागाच्या) दांड्यावर जुना नंबर रेघ मारून खोडलाय, शेजारी बॉडीचा नंबर ठोकलाय. फोरएंडमधून आडवा गेलेला स्क्रू ही तर इशापूरची ओळखच. म्हणजे बॉडी विलायतेची आणि दुसऱ्या महायुद्धात किंवा त्यानंतर इथे नवी बॅरल बसवलेली. सरकारी रायफलीची बॅरल झिजली की बदलायचीच. बोगस पाहायची असेल तर खैबर खिंडीकडे बनणारी नक्कल बघा: १९१९ साल आणि वर राणी व्हिक्टोरियाचे व्ही. आर.! राणी वारली १९०१ मध्ये. कधी एनफिल्डमधला रोमन एनही उलटा असतो.

पणजोबा पहिल्या महायुद्धात कुतच्या (आजच्या इराकमधल्या) वेढ्यात होते हे आम्ही नाकारत नाही. पण कुत पडले २९ एप्रिल १९१६ ला, आणि ही बॉडी १९१७ ची. ती तिथे असणे शक्य नाही, एवढेच रिपोर्टात लिहिले आहे.

पलटणीचा नंबर बटावरच्या पितळी चकतीवर असायचा. पहिल्या महायुद्धातच चकती बंद झाली आणि तुमच्या बटाला तिचे भोकही नाही. पणजोबांच्या डिस्चार्जच्या कागदांत रायफलचा नंबर असेल तर ताडून पाहू. नुसत्या रायफलवरून नाव सांगणे म्हणजे थाप मारणे.

आता भेग. रायफल जमा करून घेतानाच्या फोटोत ती आहे आणि त्या पावतीवर तुमची सही आहे. बटाच्या पोकळीत ठेवलेला पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) अडकला म्हणून बट घरीच उघडल्याचे तुम्हीच सांगितलेत. या मॉडेलमध्ये बटाच्या लांब बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते फोरएंडच्या मागच्या टोकातल्या पत्र्याच्या खाचेत बसते. फोरएंड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक लाकूड आतून फोडते. तुमची भेग बरोबर तिथेच, सॉकेटला लागून सुरू होते. उघडायचा क्रम असा: आधी नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी), बाहेरचा बँड, आतल्या बँडचा स्प्रिंगवाला स्क्रू (स्प्रिंग हमखास हरवते), ट्रिगरगार्ड, मग फोरएंड सरळ खाली ओढायचा आणि त्यानंतरच बटाला हात लावायचा. तिरका ओढला तरी लाकूड जाते.

काडतूस सारणारा बोल्ट अडकत होता तो वाळलेल्या ग्रीसमुळे. हा बोल्ट मूळचा नसल्याने हेडस्पेसही (बंद बोल्ट आणि बॅरल यांच्यातली जागा) तपासला: ०.०६४ इंचाच्या गेजवर बंद झाला, ०.०७४ वर झाला नाही. ठीक आहे. पॉलिश मुद्दामच केले नाही. बफ फिरवला की आधी शिक्के पुसट होतात.

भेग एपॉक्सी आणि पितळी पिनने सांधून देऊ, मजुरी मात्र लागेल. येताना मूळ परवाना आणि वडिलांची चिठ्ठी आणा.