आपट्याचे दोन तारे

शनिवारी रात्री मंद्याकडे गाय रिचीचा ‘स्नॅच’ सिनेमा झाला. मंद्याकडे दुसरं काही होतच नाही. रविवारी सकाळी कट्ट्यावर, म्हणजे बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर पोचलो, तर आपट्या आमच्या आधी हजर. म्हणजे रात्रभर मुद्दे काढले होते.

“हा सिनेमा नाही, जाहिरात आहे,” त्याने सुरुवात केली. “कट, कट, गाणं, पुन्हा कट. आधी जाहिरातीच करायचा ना तो गाय रिची? आशय कुठाय?” आपट्या फिल्म सोसायटीचा आजीव सभासद आहे. ‘आशय’ म्हणताना त्याचे डोळे आपोआप मिटतात.

“कुत्र्याच्या पोटात,” मेधा म्हणाली. सिनेमातला हिरा तिथेच सापडतो.

सुश्याला चहाचा ठसका लागला. आपट्या ढळला नाही. त्याने एबर्ट काढला, म्हणजे तो अमेरिकन समीक्षक. आपट्या वादात एबर्ट काढतो तसे आमचे आजोबा ज्ञानेश्वरी काढायचे. “रिचीच्याच १९९८च्या ‘लॉक, स्टॉक’ला एबर्टने तीन तारे दिले. दोन वर्षांनी ‘स्नॅच’ला दोन! कारण हा तोच सिनेमा आहे. तेच गळ्यापर्यंत बुडालेले टपोरी, तेच गुंड, तोच व्हिनी जोन्स.”

“१ कोटी डॉलर घातले, ८ कोटींच्या वर काढले,” मंद्या म्हणाला. “त्या दोन ताऱ्यांचं काय लोणचं घालायचंय?”

“गल्ला हा निकष नव्हे.”

“बरं, मग भेळ घेऊ,” मेधा म्हणाली. “वीस वर्षं त्या कोपऱ्यावरच्या भैयाकडे जातोयस. ‘परवाचीच चव परत दिलीस’ म्हणून कधी एक तारा कापलायस का त्याचा? उलट जरा चिंच कमी पडली की भांडतोस.”

“भेळ ही कला नाही, मेधा.”

“आहे,” सुश्या म्हणाला. अख्ख्या सकाळी तो एवढंच बोलला.

मी तटस्थ होतो, म्हणजे मेधाच्या बाजूने.

आपट्याने मोर्चा ब्रॅड पिटकडे वळवला. एवढा मोठा नट घेतलास आणि तोंडात गुळणी धरून बोलायला लावलंस, एक अक्षर कळत नाही. इथे मेधा जरा सावरून बसली. तिचं असं झालं की समजावं.

“कळू नये म्हणूनच आहे ते. ‘लॉक, स्टॉक’मधले उच्चार कळत नाहीत म्हणून लोक कुरकुरले होते. रिचीने काय केलं? पुढच्या सिनेमात असा माणूस घातला की त्याचं बोलणं समोरच्या लंडनवाल्यांनाही कळत नाही. टीकाकारांना इतकं सभ्य उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि तुला टीकाच करायची ना, तर मी देते मुद्दा. पिटच्या त्या फिरस्त्या जमातीला सिनेमाभर जे म्हणतात ती तिकडे शिवी आहे. रिचीच्याच २०२०च्या ‘द जंटलमेन’ला चिनी पात्रांवरून समीक्षकांनी धुतलं, ते बरोबरच होतं. त्यावर बोल. तारे काय मोजतोस?”

यावर मंद्याने काही बोलायला हवं होतं. पण हा विषय निघाला की मंद्या चहा सांगतो. त्याने पाच सांगितले.

“बिघडला तो मॅडोनाशी लग्न केल्यावर,” आपट्या म्हणाला. “तिला घेऊन २००२ला ‘स्वेप्ट अवे’ काढला आणि बुडाला.”

“सगळ्यात वाईट दिग्दर्शकाचं रॅझी बक्षीस कोणाला मिळालं त्या वर्षी? बायकोला?” मेधा म्हणाली.

आपट्याने चष्मा पुसला.

“आणि नंतर २००५ला त्याने ‘रिव्हॉल्व्हर’ केला. बुद्धिबळ, अहंकार, तत्त्वज्ञान. तुझा सगळा आशय पोत्याने ओतला त्यात. समीक्षकांनी फाडला, लोकांनीही पाठ फिरवली. तू पाहिलास?”

“अर्धा.”

“का रे?”

“झोप आली.”

त्यानंतर दोन मिनिटं नुसती खिदळण्यात गेली. मेधा तेवढ्यावर थांबणाऱ्यातली नाही. “त्याने सगळ्यात जास्त कमावलं कशावर? ‘अल्लादीन’वर, १०० कोटी डॉलर. आणि तिथेही हिरो कोण? चोर.”

“पण आपल्याकडे असली उठवळ...” आपट्याने वाक्य सुरू केलं आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हे वाक्य सुरू करायला नको होतं.

“आपल्याकडे?” मंद्या उठूनच उभा राहिला. “‘फिर हेरा फेरी’ कुठून आला? गुंडाचं कर्ज, जुनी बंदूक, एकाने चोरायचं आणि दुसऱ्याने त्याच्याकडून चोरायचं. ‘लॉक, स्टॉक’च तो! आणि त्यात कोण आहे रे, बाबूराव?”

इथे नव्या वाचकांसाठी एक ओळ. २००० साली ‘हेरा फेरी’ आला आणि आपट्याचं आडनाव आपट्याच्या ताब्यातून गेलं. ऑफिसात बाबूराव, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाबूराव. लग्नात तर मेव्हण्याने पंगतीत हाक मारली, तीही भटजींच्या देखत. ‘स्नॅच’ही २०००चाच. त्या वर्षातल्या कुठल्याही विनोदी सिनेमावर त्याचा जीव नाही, यात एबर्टचा काहीएक संबंध नाही, असं माझं जुनं मत आहे.

मंद्या आता सुटलाच होता. “आणि पिट कळत नाही म्हणतोस, तर डीव्हीडीत सोय आहे. फक्त त्याच्याच संवादांना सबटायटल. काल लागली नव्हती, काय माहीत का.”

“ती आपोआप लागत नाहीत. मेनूत जाऊन निवडावी लागतात,” आपट्या म्हणाला.

सगळे गप्प.

“तुला कसं माहीत?” मेधाने अगदी हळू विचारलं.

“कारण डीव्हीडी माझी आहे,” आपट्या ओरडला. “परदेशातून आणली होती, स्वतःच्या पैशाने! हा २००३ला ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून घेऊन गेला. आत बघ, माझी सही आहे.”

मंद्याने मान खाली घातली. सही होती, म्हणाला. वरून स्टिकर लावला होता.

“देतो रे. पण तुझ्याकडे प्लेअर तरी आहे का?”

“नाही. पण डीव्हीडी माझी आहे.”