आईच्या पायाचं दुसरं बोट

नरक चतुर्दशीच्या पहाटे आईच्या पायांना तेल चोळत होते. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाशी हात अडला. बोट मधल्या पेरापाशी वर उचललेलं, टोक जमिनीकडे वळलेलं आणि त्या उंचवट्यावर तासलेलं कुरूप. जोडवं त्या जाड पेराच्या मागे रुतून बसलेलं. "चप्पल घासते गं तिथे. मी काढते बाबांच्या ब्लेडने," आई म्हणाली. तिला ११ वर्षं डायबेटिस आहे. कुरूप जरा दाबलं, तर कडेने पाणी आलं. आईला काहीच जाणवलं नाही. ती पाटावर बसून उटण्याची वाटी कुठे ठेवलीय ते विचारत होती.

तेव्हापासून मी ज्याला त्याला पायांबद्दल सांगत सुटलेय. आज इथे लिहिते.

आपल्याकडे पायाची बोटं वाकडी झाली की "वय झालं" किंवा "आजीचे पायही असेच होते" म्हणून विषय संपतो. आजीचं खरं आहे, पायाची ठेवण बरीचशी घराण्यातून येते. पण त्या ठेवणीवर रोज काय चढवतो, हे आपल्या हातात असतं. पुरुषांपेक्षा बायकांची बोटं जास्त वाकडी होतात, त्यात निमुळत्या सँडलांचा वाटा मोठा आहे.

आईचं दुखणं अंगठ्यापासून सुरू झालं होतं. "अंगठ्याचं हाड वाढलंय" असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने जातं, अंगठा उलटा शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा बाहेर येतो. तीच गाठ, डॉक्टर तिला बनियन म्हणतात. (एका रात्रीत अंगठा लाल होऊन चादरही सोसवेनाशी झाली, तर ते वेगळं. बरेचदा युरिक अॅसिडचं असतं, लगेच दाखवा.) अंगठा सरकला की दुसऱ्या बोटाला जागा उरत नाही. ते वर चढतं आणि मधल्या सांध्यात वाकतं. हे हॅमर टो. सगळीच बोटं पंजासारखी आकसली तर क्लॉ टो. डायबेटिसमध्ये नसा खराब होऊन पायातले छोटे स्नायू दुबळे होतात, तेव्हा असं होतं.

डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. "लागलं की हो म्हणा." दोरा १० जागी टेकवला, आई तीनदाच हो म्हणाली. मग त्यांनी बोटं एकेक करून हाताने सरळ करून पाहिली. तिसरं झालं, दुसरं हललंसुद्धा नाही. तिथे मला सगळं उमगलं. बोट हाताने सरळ होतंय, तोवर मोकळी चप्पल, सिलिकॉनची टोपी किंवा पट्टी, पोटरी ताणायचे आणि बोटांनी टॉवेल गोळा करायचे व्यायाम यांनी बराच आराम पडतो. सांधा एकदा आखडला की हे फक्त घासणं कमी करतं, बोट सरळ करत नाही. ऑनलाइन मिळणारे रात्री बांधायचे पट्टेही मोठ्या माणसाचा अंगठा कायमचा सरळ करत नाहीत. दुखणं थोडं हलकं करतात, तेवढंच. ऑपरेशन आहे, हाड कापून ओळीत बसवतात. पण नंतर साधारण ६ आठवडे खास बूट आणि सूज कित्येक महिने. दुखत असेल तर जरूर करा, नुसतं दिसायला बरं म्हणून करू नका असं माझं ठाम मत आहे.

आणि डायबेटिस असेल तर ब्लेड नको, कुरुपावर चिकटवायची कॉर्नकॅप पट्टीही नको. त्या पट्टीत अॅसिड असतं, ते कुरुपाबरोबर चांगली कातडीही खातं. बधिर पायाला ते कळत नाही.

खरी अडचण जोडव्याची झाली. सूज वाढली तर जोडवं बोटाला काचेल, काढा, असं डॉक्टर म्हणाले. आई गप्प. शेवटी बाबाच म्हणाले, "मी समोर बसलोय ना गं." सोनाराने ते कापून काढलं. बोटावर पांढरी, खोल रेघ राहिली होती.

दुसरं भांडण चपलेवरून. एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर या मऊ रबराची चप्पल आणली तर आई म्हणाली, "ही कुष्ठरोग्यांची चप्पल, मी नाही घालणार." बरोबर ओळखलं होतं तिने. कुष्ठरोगातही नसा जातात, बोटं आकसतात, जखम कळत नाही. तिथे या मऊ रबराने कितीतरी पाय वाचवलेत, आणि आईच्या पायाला नेमकं तेच हवं होतं. त्या चपलेची लाज वाटावी असं काय आहे? हे मी तिला आठ दिवस सांगत होते.

मग एक केलं. तिला वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिलने पायाची कड काढली आणि तिची लग्नाकार्याची सँडल त्यावर ठेवली. दोन्ही बाजूंनी बोटभर पाऊल बाहेर! ती बराच वेळ बघत राहिली. दुकानात "वापरून सैल होईल" असं सांगून ती विकली होती. आपल्याकडे नंबर लांबीचा विचारतात, रुंदी कोणी विचारत नाही. चप्पल-बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. उभं राहून बघा, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मुलांच्या शाळेच्या बुटांनाही हेच लागू. वर्ष संपेपर्यंत चालवायचे म्हणून बोटं दुमडून घालायला लावू नका.

संक्रांतीपर्यंत आईची जखम भरली. बोट वाकडंच आहे, ते तसंच राहील. काल मावशीचा फोन होता, तिच्याही बोटावर कुरूप झालंय. आई तिला दरडावत होती, "ब्लेड ठेव आधी खाली. आणि बोट हाताने सरळ होतंय का ते बघून सांग मला."