भोरड्या गेल्या वाटतं

तमिळनाडूत पॉइंट कॅलिमेरच्या किनाऱ्यावर, पाहुणे पक्षी कुठं जातात ते कळावं म्हणून त्यांना जाळ्यात धरून पायात कडी घालतात ते वाचून भारी वाटलं, पण या पक्ष्यांचा परतीचा प्रवास बघायला समुद्रच पायजे असं काय नाय बरं का. आमच्या सोलापुरात हिप्परगा तलावावर हिवाळ्यात पट्टकादंब, म्हणजे हंसासारखे पक्षी येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे, उन्हाळा लागला की हिमालय ओलांडून पार तिबेट-मंगोलियाकडं. आणि भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना! हिवाळाभर ज्वारीच्या कणसांवर ताव, वडील गोफण घेऊन माळ्यावर, आणि त्याच जाताना पळसाच्या फुलात चोच खुपसून मध पितात, कपाळाला पराग लागलेला. यंदा बांधावरचा पळस चार दिवस नुसता कलकलत होता, परवा सकाळी बघतो तर एकपण नाय. वडील म्हणले सुटलो एकदाचं, पण चहा पिताना सारखं पळसाकडंच बघत होते.